दुसरी रहस्यकादंबरी येतेय: घोषणेचा मजकूर तपासून द्याल का?

पायवाट

पहिली रहस्यकादंबरी एका प्रकाशनाकडून आली होती. दुसरी स्वतःच काढायची आहे. डेमी आकार, 240 पानं, 500 प्रती, छापील किंमत 350 रुपये. तपास करणारे इन्स्पेक्टर घारपुरे तेच, प्रकरण नवं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुस्तक हातात यावं असा बेत आहे. घोषणेचा कच्चा मजकूर असा:

"मामलेदारांच्या खुनाचा छडा लावून त्यांच्या सख्ख्या पुतण्याला गजाआड करणारे इन्स्पेक्टर घारपुरे परत येत आहेत! ऑगस्ट 2025. दापोलीजवळचा एक किनारा. अष्टमीची मध्यरात्र, समुद्र कधी नव्हे इतका मागे सरलेला आणि उघड्या पडलेल्या खडकांत एक प्रेत. कलम 302 खाली गुन्हा दाखल होतो. पण खुनी गावातला की बाहेरचा? झोप उडवणारा धक्कादायक शेवट! 'सुकतीच्या वेळी', लवकरच."

यात काय बदलू? घोषणा किती दिवस आधी करावी? प्रकाशनपूर्व सवलत किती ठेवावी? आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वगैरेचं काम कधी उरकावं?

वाचनखूण

पहिलं वाक्य आजच काढून टाका. त्यात तुम्ही पहिल्या कादंबरीतला खुनी सांगून टाकलाय. दुसऱ्या पुस्तकाची घोषणा झाली की पहिल्याची मागणी वाढते, आणि ते घेऊ पाहणाऱ्यालाच तुम्ही "पुतण्या" सांगताय. घारपुऱ्यांची ओळख त्यांच्या स्वभावातून द्या, सोडवलेल्या प्रकरणातून नको.

हीच चूक पुस्तकाच्या आतही असते. संगणकावर "पुतण्या", "मामलेदार" आणि पहिल्या खुन्याचं नाव शोधून पाहा. उल्लेख लागतील तिथे "ते मामलेदारांचं प्रकरण" एवढ्यावर भागवा. पात्रांच्या बोलण्यात ते खटकत नाही. लोक जुन्या प्रकरणांबद्दल असंच बोलतात.

मलपृष्ठाच्या मजकुराला एक नियम लावा: पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशाच्या पुढचं काहीही त्यात येऊ द्यायचं नाही. तुमच्या बाबतीत पान 60. दुसरं प्रेत 90 व्या पानावर असेल तर मजकुरात एकच प्रेत. "धक्कादायक शेवट" तर मुळीच नको. सराईत वाचक ते वाचतो आणि पहिल्या पानापासून सगळ्यात सज्जन माणसावर नजर ठेवतो. शंभर पानं राबून तुम्ही त्याची नजर दुसरीकडे वळवणार, ती मेहनत दोन शब्दांत वाया जाते.

"स्वतंत्रपणे वाचता येईल" ही ओळ मात्र घाला. पहिलं न वाचलेला वाचक तिच्याअभावी थांबून राहतो.

नाखवा

भरतीचं गणित चुकलंय, आणि पुस्तकाचं नावच 'सुकतीच्या वेळी' (सुकती म्हणजे पूर्ण ओहोटी) आहे म्हणून सविस्तर लिहितो.

कोकणातला हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला 8 गुणिले पाऊण, म्हणजे 6. सहाला भरती, तिथून सव्वासहा तासांनी, बाराच्या सुमारास सुकती. म्हणजे मध्यरात्री सुकती हे बरोबर आहे. पण अष्टमीला भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. "कधी नव्हे इतका मागे" हे अष्टमीला होणं शक्य नाही.

एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात ते उधाणाच्या दिवसांत, पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोनेक दिवस. तेव्हा 15 गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि पाच-साडेपाचला सुकती. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावर खोल सुकती मध्यरात्री येतच नाही. ती पहाटे येते नाहीतर संध्याकाळी. किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाचकाला हे ठाऊक असतं, तो पहिल्याच ओळीला पुस्तक मिटेल.

वाट अशी काढा: मध्यरात्र सोडा, पौर्णिमेची पहाट घ्या. ऑगस्टात सव्वापाचला अंधारच असतो, पश्चिमेला मावळतीचा चंद्र ढगाआड, आणि पाणी खरोखर दूर गेलेलं. श्रावणातली पौर्णिमा म्हणजे नारळी पौर्णिमा, सगळा कोळीवाडा आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर जमलेला. संशयितांची काय ददात! शिवाय पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, त्यामुळे होड्याही पाण्यात असतात.

पाऊणचा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो. अचूक वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं पाहा. आणि "कोण किती वाजता कुठे होता" हा उलगड्याचा खांब असेल तर नुसती घोषणा बदलून भागणार नाही, ती प्रकरणंही पुन्हा तपासावी लागतील. रोज सुकती पाऊण तास उशिरा येते. तीन दिवसांचा तपास दाखवलात आणि रोज त्याच वेळी खडक उघडे ठेवलेत तर तिथेही फसाल.

तारीख_पे_तारीख

नाखव्यांनी समुद्र तपासला, मी पोलीस ठाणं तपासतो. गोष्ट ऑगस्ट 2025 मधली. भारतीय दंड संहिता 1 जुलै 2024 ला गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम आता 103. 302 लोकांच्या तोंडी आहे, गावातला म्हातारा "तीनशेदोन लागणार" म्हणेल तर म्हणू द्या, खरं वाटेल. ठाणे अंमलदार कागदावर लिहिताना मात्र 103 च लिहील.

त्याहून मोठी गोष्ट क्रमाची. खडकात प्रेत सापडलं की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतोच असं नाही. उघड जखमा नसतील, बुडाल्यासारखं दिसत असेल, तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते (नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम 194, पूर्वीचं 174), प्रेताचा पंचनामा होतो, शवविच्छेदनाला पाठवतात. अहवालातून किंवा पुराव्यातून घातपात दिसला की मग खुनाचा गुन्हा. अकस्मात मृत्यू ते खून हा टप्पा तुमच्या हातातला उत्तम दुवा आहे. घारपुरे सोडून सगळे "बुडून मेला" म्हणत असतात ती पानं याच जागी बसतात.

आणखी तीन ठिकाणं तपासा. पुरावा नष्ट करण्याचं कलम दंड संहितेत 201 होतं, ते न्याय संहितेत आता 238. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे पूर्वी पुरावा कायद्याच्या 25 व्या कलमात होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या 23 व्या. शेवटच्या प्रकरणात खुनी घारपुऱ्यांपुढे सगळं ओकतो आणि प्रकरण मिटतं, असा शेवट असेल तर सोबत एखादी वस्तू किंवा साक्षीदारही लागेल. तिसरं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या 176(3) मध्ये आली आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, तरी 2025 च्या गोष्टीत कुणी तिचं नावही काढत नाही हे विचित्र दिसेल.

पहिल्या कादंबरीतलं प्रकरण जुलै 2024 पूर्वीचं असेल तर तिथलं 302 तसंच राहू द्या. तेव्हाच्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो, नव्या आवृत्तीत उगाच "दुरुस्त" करू नका. घोषणेतून मात्र कलम काढूनच टाका. तिथे आकड्याने काही साधत नाही.

खिळेजुळारी

आता वेळापत्रक. तीन गोष्टी हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका: शेवटचं प्रूफ, पक्कं मुखपृष्ठ आणि छापखान्याने दिलेली तारीख. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुस्तक हवं तर हे सगळं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवं. दिवाळीच्या आधी छापखाने दिवाळी अंकांनी भरलेले असतात, बांधणीवाले तर त्याहून जास्त. घोषणा पुस्तकाच्या सुमारे 45 दिवस आधी, नाव आणि मुखपृष्ठासह. सवलत त्यानंतर आठवड्याने उघडा आणि तीन आठवडे चालू ठेवा. छपाईला जाण्याच्या आठवडाभर आधी ती बंद करा, म्हणजे किती प्रती छापायच्या ते नोंदणीवरून ठरवता येईल.

पानं 16 च्या पटीत ठेवा. 240 म्हणजे 16 पानांचे 15 फर्मे, बरोबर बसतंय. पण नाखवा आणि तारीख_पे_तारीख यांनी सुचवलेले बदल केलेत तर पानं वाढतील, आणि 241 वं पान आलं की तुम्ही थेट 256 वर जाता. म्हणून पानं पक्की झाल्याशिवाय मुखपृष्ठाच्या कण्याची जाडी चित्रकाराला देऊ नका. 70 जीएसएम नॅचरल शेड कागदावर 240 पानांचा कणा ढोबळमानाने 12 मिमी होतो, पण कागदागणिक फरक पडतो. छापखान्याकडून त्याच कागदाचा कोरा नमुना बांधून घ्या आणि पट्टी लावून मोजा. कणा 2 मिमीने चुकला तरी नाव मुखपृष्ठावर सरकतं.

मजकूर युनिकोडमधून श्रीलिपीत (छपाईसाठीच्या जुन्या फाँट-पद्धतीत) जाणार असेल तर अर्ध्या र वर लक्ष ठेवा. रूपांतरात "दर्या" चा "दऱ्या" होतो. तुमच्या पुस्तकात समुद्र पानोपानी आहे; "दऱ्याकडे चालत गेला" छापून आलं तर वाचक तो दुवाच समजेल. "ॲ", "त्त्व" आणि आकडे हेही एकेक करून शोधून पाहा. वेळ, गाडीचा क्रमांक, मोबाइल नंबर यांतला एक अंक गळला तर उलगडा कोसळतो, म्हणून हे सगळे आकडे मूळ हस्तलिखिताशी दोघांनी मिळून ताडा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं.

शेवटच्या पानावर खुन्याचं नाव येऊ देऊ नका. दुकानात बरेच जण पुस्तक मागून चाळतात. शेवटचं पान पहिल्या कादंबरीच्या जाहिरातीला ठेवा (अर्थात पुतण्याशिवाय).

सवलतीचा हिशेब: विक्रेता-वितरक साखळीला 40 टक्के धरले तर 350 मधले 210 तुमच्याकडे येतात. प्रकाशनपूर्व 250 ठेवलेत तर त्यातून टपाल आणि पाकीट वजा जाऊन 210 उरतात का पाहा. उरत नसतील तर टपालखर्च वेगळा घ्या आणि ते ठळक लिहा. डेमी 240 पानांची प्रत साधारण 275 ग्रॅम भरते, जाड पाकिटासह 310 च्या आसपास. टपालाचा दर त्याच वजनाचा विचारा.

वाचनखूण

खिळेजुळारी, एका गोष्टीवर वेगळं मत. घोषणा आणि सवलत यांत आठवडा सोडू नये. वाचक उत्साहात असतो तो पहिल्या दिवशी. प्रत कुठे नोंदवायची ते त्याच मजकुरात हवं, आणि चित्रात नको, अक्षरांत हवं. चित्रातला नंबर कॉपी होत नाही, व्हॉट्सॲपवर तीनदा पुढे गेला की वाचताही येत नाही. पहिल्या प्रकरणाचे हजार-बाराशे शब्द मात्र आठवड्याने द्या, प्रेत दिसण्याच्या एक परिच्छेद आधी थांबवून.

पायवाट, पहिल्या प्रकाशनाबरोबरचा करार काढून वाचा. "पुढील पुस्तकाचा प्रथम हक्क" असं कलम असेल तर घोषणेपूर्वी त्यांचं लेखी पत्र घ्या. घारपुऱ्यांच्या पात्राबद्दल काही लिहिलंय का, तेही पाहा. पहिलीच्या किती प्रती शिल्लक आहेत तेही आत्ताच विचारा. संपल्या असतील तर शंभरेक प्रती डिजिटल छपाईने काढता येतात का, ते घोषणेआधी ठरवा.

खिळेजुळारी

चालेल, पहिल्या दिवशी उघडा. पण मग पुस्तक पोहोचण्याची तारीख "नोव्हेंबरचा दुसरा आठवडा" द्या. आधी पोहोचलं तर कुणी तक्रार करत नाही.

आयएसबीएन राहिला. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क नाही. स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही मिळतो. ई-पुस्तकाला वेगळा क्रमांक लागतो. अर्ज मुखपृष्ठ पक्कं होण्याच्या बऱ्याच आधी करा, क्रमांकासाठी छपाई अडून राहते. बारकोडचा मूळ आकार सुमारे 37 × 26 मिमी, 80 टक्क्यांहून लहान करू नका, आणि पांढऱ्या चौकटीत काळाच ठेवा. रहस्यकथेची मुखपृष्ठं लाल-काळी असतात, चित्रकार शोभा म्हणून रेषा लाल करतो. लाल रेषा स्कॅनरला दिसतच नाहीत.

पुस्तक आल्यावर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत, आणि 1954 च्या कायद्याप्रमाणे मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक. या चार प्रती हिशेबात धरा.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. करार वाचला, तसं कलम नाही. नवा मजकूर:

"नारळी पौर्णिमेची पहाट, ऑगस्ट 2025. दापोलीजवळच्या किनाऱ्यावर पाणी दूर गेलंय आणि एरवी न दिसणाऱ्या खडकांत एक माणूस पालथा पडलाय. गाव म्हणतं, बुडाला. इन्स्पेक्टर घारपुऱ्यांना त्याच्या कोरड्या चपला दिसतात. 'सुकतीच्या वेळी': घारपुऱ्यांचं दुसरं प्रकरण, स्वतंत्रपणे वाचता येईल असं."

नाखवा

चपला झकास. फक्त "नारळी पौर्णिमेची पहाट" म्हटलं की लोक सणाच्या दिवशीची पहाट समजतील, म्हणजे शुक्रवार, 8 ऑगस्ट. त्या पहाटे अजून चतुर्दशी होती. पौर्णिमा 8 च्या दुपारी लागली आणि 9 च्या दुपारी संपली. नारळ समुद्रात पडून गेल्यानंतरची, शनिवारची पहाट तुम्हाला हवी आहे. "नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची पहाट" असं लिहा.