समाजशील कीटकांवर संशोधन करायचे आहे: पीएच.डी. आणि त्यापुढील वाटा

रानवेल (कोल्हापूर)

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात शिकते आहे. गेल्या वर्षी लघुप्रकल्पासाठी आवारातील वारुळांची नोंद केली आणि तेव्हापासून मुंग्या, गांधीलमाश्या व मधमाश्या या वसाहत करून राहणाऱ्या (समाजशील) कीटकांखेरीज दुसऱ्या विषयात मन लागत नाही. आमच्याकडे कीटकशास्त्र म्हणजे पिकांवरील कीड आणि तिचे नियंत्रण, एवढेच समजले जाते. वसाहतीतील कामाची वाटणी कशी ठरते किंवा राणी कोण होते, यावर काम करायचे आहे असे म्हटले की ‘याला पुढे वाव काय?’ हा प्रश्न ठरलेला असतो. भारतात हे काम नेमके कोठे चालते, नेट किंवा गेट दिल्याशिवाय प्रवेश मिळतो का, आणि पीएच.डी. झाल्यावर पुढे काय करता येते, हे या वाटेने गेलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे. घरून परदेशाचा खर्च झेपणार नाही, हेही आधीच सांगते.

तिन्हीसांज (बंगळूरु)

मी याच क्षेत्रात पीएच.डी. केली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पारिस्थितिकी (इकॉलॉजी) विज्ञान केंद्रात राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर अनेक दशके काम केले. त्यांची स्वतःची पीएच.डी. रेण्वीय जीवशास्त्रातील होती आणि गांधीलमाश्या हा तेव्हा जोडीला जपलेला छंद होता, हे तुमच्या विभागातील शंकेखोरांना अवश्य सांगा. या माशीची राणी दिसायला इतरांसारखीच आणि स्वभावाने शांत असते. तिला पोळ्यावरून काढले की काही मिनिटांत एक कामकरी माशी अत्यंत आक्रमक होते आणि राणी परत आली नाही, तर साधारण आठवडाभरात तीच अंडी घालू लागते. पुढची राणी कोण हे आपल्याला आधी ओळखता येत नाही. पोळ्यावरच्या माश्या मात्र तिला फारसा विरोध करीत नाहीत.

त्याच केंद्रात रिनी बोर्जेस यांनी वाळवी आणि तिने वारुळात जोपासलेली बुरशी यांवर काम केले आहे. कोलकात्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) सुमना अन्नागिरी यांचा गट डायकामा इंडिकम ही मुंगी अभ्यासतो. या मुंगीत वेगळी राणी नसते. घर बदलताना वाट माहीत असलेली मुंगी दुसरीला मागे घेऊन निघते आणि मागची तिला सतत स्पर्श करीत चालते. वसाहत अशी जोडी-जोडीने नव्या जागी पोचते. तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये हेमा सोमनाथन मधमाश्यांची दृष्टी आणि परागीभवन अभ्यासतात. आपल्या भीमाशंकरच्या जंगलात चांदणे नसलेल्या रात्रीही उडणाऱ्या भुंग्यावरचे काम त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचेच आहे. (भुंगा काटेकोर अर्थाने समाजशील नाही, पण मुलाखतीत हा फरक नीट सांगता आला तर बिघडत नाही.)

प्रवेशासाठी सीएसआयआर-यूजीसी नेटचे जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) किंवा गेट यांपैकी एक हाती असणे जवळपास आवश्यकच धरा. गेटमध्ये पारिस्थितिकी व उत्क्रांती हा स्वतंत्र पेपर आहे, आणि तुमच्यासारख्या विद्यार्थिनीला तो जीवविज्ञानाच्या सर्वसाधारण पेपरपेक्षा सोयीचा जाईल. बंगळूरुच्या एनसीबीएसची (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) प्रवेशपरीक्षा वेगळी असते. जानेवारी 2023 पासून जेआरएफला दरमहा 37,000 रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर 42,000, आणि घरभाडे भत्ता निराळा. महाराष्ट्रातील विद्यापीठात नोंदणी केली, तर पात्रतेनुसार राज्य सरकारच्या बार्टी, सारथी किंवा महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीही आहेत.

एक गोष्ट मी उशिरा शिकलो. प्रयोगशाळेचे नाव कितीही मोठे असो, मार्गदर्शक पुढील पाच वर्षे तेथे असणार आहेत का आणि यंदा विद्यार्थी घेणार आहेत का, हे आधी स्पष्ट विचारावे. संकोचापायी मी विचारले नाही आणि माझे एक वर्ष वाया गेले.

पाखरमाया (जर्मनी)

खर्चाची धास्ती थोडी कमी करते. जर्मनीत पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते. जाहिरात निघते आणि पूर्ण वेतनश्रेणीच्या ठरावीक हिश्श्याइतका, अनेकदा 65 टक्के, पगार मिळतो. तेथे एम.एस्सी. लागते, ती तुमच्याकडे असेलच. अमेरिकेत पदवीनंतरही थेट अर्ज करता येतो, पण अर्जाचे शुल्क प्रत्येक विद्यापीठाला वेगळे भरावे लागते आणि ते आपल्या खिशाला जाणवते.

विषय निवडताना देश पाहू नका, प्रश्न पाहा. व्हिएन्नाजवळ सिल्विया क्रेमर यांचा गट मुंग्यांच्या सामाजिक रोगप्रतिकारावर काम करतो: बुरशीची लागण झालेला कोष कामकरी मुंग्या फोडतात आणि आतल्या पिल्लावर स्वतःचे विष सोडून बुरशी पसरण्याआधीच त्याला संपवतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डॅनियल क्रोनॉवर यांच्याकडे राणीच नसलेली, नराशिवाय पुनरुत्पादन करणारी मुंगी आहे, जिच्यात जनुकीय बदल करून गंधज्ञानाचा अभ्यास होतो. या दोन ठिकाणी लागणारी कौशल्ये अगदी वेगळी आहेत.

पीएच.डी.नंतर युरोपची मारी क्युरी अधिछात्रवृत्ती आहे. ती पीएच.डी. मिळाल्यापासून आठ वर्षांच्या आत मागावी लागते, आणि ज्या देशात जायचे तेथे मागील 36 महिन्यांत 12 महिन्यांहून अधिक राहिलेले चालत नाही. जर्मनीच्या हंबोल्ट अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज वर्षभर करता येतो. यजमान शास्त्रज्ञाची संमती मात्र आधी मिळवावी लागते. भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असते.

मी पहिल्या वर्षी प्रवेशासाठी चाळीस संशोधकांना एकच मजकूर पाठवला होता आणि दोन उत्तरे आली, दोन्ही नकाराची. पुढच्या वर्षी सहाच पत्रे लिहिली. प्रत्येकात त्यांच्या एका शोधनिबंधातला मला न पटलेला मुद्दा आणि तो कसा तपासता येईल, हे मांडले होते. चार उत्तरे आली.

सातेरी (महाबळेश्वर)

मी संशोधक नाही, मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो. पुण्यात केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिचे नाव वर कोणीच घेतले नाही म्हणून लिहितो. तेथील काम उपयोजित स्वरूपाचे आहे, पण सातेरी ही देशी मधमाशी हाताळायला शिकलात, तर पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत ते उपयोगी पडेल. वसाहत रुसते म्हणजे काय, हे कागदावरून कळत नाही.

रानवेल (कोल्हापूर)

सर्वांचे आभार. गेटचा तो पेपर देण्याचे ठरवले आहे. वसतिगृहाच्या गॅलरीत छताखाली गांधीलमाशीचे कागदी पोळे आहे, त्यावर नऊ माश्या मोजल्या. पत्र लिहिण्याआधी त्यांचेच निरीक्षण करावे असे वाटते, पण एकीला दुसरीपासून वेगळी ओळखू कशी?

तिन्हीसांज (बंगळूरु)

लवकर वाळणाऱ्या रंगाचे बारीक ठिपके द्या. गवताच्या काडीच्या टोकाने, पहाटे माश्या सुस्त असताना, लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात. ठिपका वक्षाच्या पाठीवर, पंखांना रंग लागता कामा नये. दोन रंग, दोन जागा (हवी तेथे जागा रिकामी सोडायची), एवढ्यात नऊ माश्या सहज वेगळ्या होतात. डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर हे करू नका. मग रोज ठरलेल्या वेळी पाच-पाच मिनिटे, कोण कोणाला टोचते, कोण बाहेर जाते, कोण घरीच बसते, एवढेच वहीत लिहा. अंडे घालताना कोण दिसली, ते वेगळ्या पानावर लिहा.