विषय: मंडळाच्या नव्या साइटवर अक्षरं तुटताहेत, २७ फेब्रुवारीच्या आत दुरुस्त करा

प्रेषक: अंक समिती (सध्या मुक्काम गंगापूर रोड, नाशिक)

मंडळी,
काल आईंना अंकातला नातवाचा लेख वाचायला टॅब्लेट दिला. (माझ्या सासूबाई. गेल्या गणपतीत त्यांच्या हातचे मोदक तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत.) पहिल्याच ओळीला म्हणाल्या, "अगं, अक्षरांवरची रेघ कोणी तोडली?" पाहिलं तर 'गोदाकाठ'चे चार तुकडे. गो, दा, का, ठ, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली आखूड रेघ. त्यात मजकूर इतका फिका राखाडी की गॅलरीतल्या उन्हात पान कोरंच दिसतं. दोन परिच्छेदांत डोळे दुखले, टॅब्लेट उशाशी ठेवून दिला. जुन्या साइटवर त्या अख्खा दिवाळी अंक वाचायच्या.

मराठी भाषा गौरव दिनाची नोंदणीही त्याच रंगात आहे. ज्येष्ठ मंडळी ती भरणार कशी?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

वहिनी,
ऑफिस सांभाळून सहा महिने रात्री बसून हे केलंय. जुनी साइट फोनवर दोन बोटांनी ताणून वाचावी लागायची, त्या तक्रारी इथेच आल्या होत्या. तयार थीम घेतली, तिच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं आहे. इंग्रजी मजकुरात ते छान दिसलं, मराठीत तपासायचं राहून गेलं, ही चूक मान्य. रंग मात्र आम्हा चौघांच्या फोनवर नीट दिसतो. टॅब्लेटचा ब्राइटनेस वाढवून बघाल का?

प्रेषक: नोंदणी टेबलवाला

ब्राइटनेसने हे सुटणार नाही. मी रंग मोजला, म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट). पांढऱ्यावर तो राखाडी २.८५:१ येतो. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या निकषात साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतं, मोठ्या अक्षरांनाही ३:१. आपण दोन्हीकडे नापास.

देवनागरीला लेटर-स्पेसिंग शून्यच हवं, नाहीतर शिरोरेषा तुटणारच. उलट ओळींमधलं अंतर वाढवा. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतोय. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एन' (इंग्रजी) ठेवलीय, ती 'एमआर' (मराठी) करा. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतील. आत्ता हिंदी वळणाचे येताहेत, माझ्या मुलीला शाळेत शिकवलेला श इथे ओळखता येत नाही.

आणि जुनी साइट २७ पर्यंत वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवा. रेडिट या चर्चेच्या साइटने २०१८ मध्ये रूप बदललं तेव्हा जुनंही चालू ठेवलं होतं. तिची तेव्हाची स्पर्धक डिग, तिने २०१० मध्ये जुन्याकडे परतायची वाटच ठेवली नाही, आणि कितीतरी वाचक उठून रेडिटवर गेले.

प्रेषक: माजी सचिव

ल आणि श नंतर बघा. जुन्या अंकांचे दुवे मेलेत, एकही उघडत नाही! ते अंक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये होते. दोन उन्हाळे बसून मी ते अक्षर-अक्षर तपासत बदलून घेतलेत. मी पंचवटीत वाढलो. आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. कपाट हलवलं म्हणून पुस्तकच नाही, असं वाचनालयात कुणी वाचकाला सांगत नाही. जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर पाठवायची ३०१ ची सोय असते, ती का केली नाही? अंकांना हात लावण्याआधी मला विचारायला हवं होतं.

प्रेषक: ट्रेकवाले

काकांच्या मुद्द्यावरून आठवलं. शोधात 'दऱ्या' टाकलं तर माझी सह्याद्रीवरची लेखमाला येत नाही. जुन्या मजकुरात तो अर्धा र वेगळ्या पद्धतीने टाइप झालाय. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधाला वेगळे. वहिनी, येताना चिवडा आणाल का? दोन किलो.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

काका, अंकांबाबत तुम्हाला फोन करायला हवा होता. मजकूर सगळा शाबूत आहे, पत्ते तेवढे बदललेत. शनिवारी तुमच्यासोबत बसून एकेक वर्ष जोडू. लेटर-स्पेसिंग काढलं, मजकूर जवळजवळ काळा केला, ओळी मोकळ्या केल्या. भाषा 'एमआर' केली, ल-श बदलले. 'दऱ्या'चं राहिलंय. वहिनी, आईंना पुन्हा दाखवाल?

प्रेषक: अंक समिती

आज सकाळच्या चहाबरोबर, त्याच गॅलरीत, आईंनी लेख शेवटपर्यंत वाचला. 'गोदाकाठ' सलग दिसतोय. शेवटून दुसऱ्या ओळीत 'रामकुड' झालंय, अनुस्वार द्यायला सांगितलाय त्यांनी. आता २०१२ चा दिवाळी अंक मागताहेत. काका, शनिवारी सुरुवात त्या वर्षापासून कराल का?

चिवडा दोन किलोच मिळेल, बॅगेत तेवढीच जागा उरलीय.