स्क्रम मास्टर काढून टाका म्हणणाऱ्यांसाठी

टेस्टरताई: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे स्क्रम मास्टर (सॉफ्टवेअर टीमला स्क्रम पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत, काम करायला मदत करणारा आणि अडथळे काढणारा) नुसते मीटिंगचे इन्व्हाइट पाठवतो, कॅपिटल वन या अमेरिकन बँकेने जानेवारी २०२३ मध्ये १,१०० हून जास्त अजाइल (स्क्रमसारख्या पद्धती चालवणाऱ्यांच्या) जागा काढल्या, आपणही काढा. अहो, पण त्या बँकेनेच सांगितलं होतं की हे काम आता इंजिनिअरिंगच्याच कामात घेतोय, म्हणजे काम उरलंच, फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. आमचं टेस्ट एन्व्हायर्नमेंट बंद पडलं तेव्हा डेव्हलपर म्हणे इन्फ्राला (सर्व्हर सांभाळणाऱ्यांना) विचारा, इन्फ्रा म्हणे तिकीट टाका. आमचा स्क्रम मास्टर इन्फ्रावाल्यांच्या डेस्कशी जाऊन बसला, तो सगळं चालू झाल्यावरच उठला.

बॅकएंडवाला: नशीब तुमचं. आमचा रोज काल काय केलं, आज काय करणार, अडलंय काय विचारतो आणि एक्सेलमध्ये भरून मॅनेजरला पाठवतो. ते तीन प्रश्न स्क्रम गाइडमधून, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेतून, २०२० सालीच गेले! ही रोजची मीटिंग, डेली स्क्रम, १५ मिनिटांचा, डेव्हलपरांसाठी. आमचा पाऊण तास चालतो.

रात्रपाळी: किती वेळ ते सोडा, कधी ते बोला. आमचा क्लायंट कॅलिफोर्नियात, तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेदहा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कसंबसं घरी पोचायचं, जेवण अर्धवट टाकून हेडफोन लावायचे, पोरगी मांडीवर रडतेय आणि मी म्यूट काढून म्हणतेय नो ब्लॉकर्स, काही अडलेलं नाही.

जुना पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर): पगार तिकडून येतो, वेळ तेच ठरवणार. जमत नसेल तर स्वतःचं सॉफ्टवेअर विकणारी प्रॉडक्ट कंपनी बघा.

रात्रपाळी: बघा म्हणायला काय जातं तुमचं? होम लोन तुम्ही भरणार का? क्लायंट डेली स्क्रमला हवाच असं गाइडमध्ये कुठे लिहिलंय दाखवा.

जुना पीएम: लिहिलेलं नाही, मान्य. पण गाइड दाखवून क्लायंट ऐकत नसतो. मी स्वतः वर्षानुवर्षं रात्रीचे कॉल घेतलेत.

रात्रपाळी: तुम्ही घेतलेत म्हणून आम्हीही घ्यायचे का? घरी मुलांना कोण बघत होतं तेव्हा?

टेस्टरताई: अहो, याचसाठी तर स्क्रम मास्टर लागतो! आमच्याने क्लायंटशी वाद घालून वेळ सकाळी साडेदहाची करून घेतली.

जुना पीएम: दोन दिवसांचा कोर्स करून आलेल्या पोराचं ऐकतं कोण?

बॅकएंडवाला: पीएम साहेब इथे बरोबर बोलले, नाइलाजाने म्हणतोय. आमच्याकडे एकाच्या गळ्यात तीन टीम आणि अप्रेझल डिलिव्हरी मॅनेजरच्या हातात, तो कुणाला नाही म्हणणार? ताई, तुमच्यासारखा असेल तर ठेवा. आमचा काढलेलाच बरा.

टेस्टरताई: मग त्याचं अप्रेझल त्या मॅनेजरकडून काढा म्हणा ना, पद काढा कशाला म्हणताय?

रात्रपाळी: ताई, त्याने क्लायंटला नेमकं काय सांगितलं ते लिहा प्लीज, मला उद्याच बोलायचंय.

टेस्टरताई: सांगितलं की हा डेव्हलपरांचा वेळ आहे, तुम्ही कामांचा बोर्ड कधीही बघा, झालेलं काम स्प्रिंट रिव्ह्यूत (कामाचा एक टप्पा, म्हणजे स्प्रिंट, संपताना होणाऱ्या मीटिंगमध्ये) दाखवू, तो संध्याकाळी तुमच्या वेळेला ठेवू. आधी साफ नाही म्हणाले. मग एक स्प्रिंट करून बघू म्हणाले, आणि नंतर कुणी वेळ परत बदलायला सांगितली नाही.