मदत हवी आहे : मंडळाच्या सायलेंट ऑक्शनचे नियम कसे बांधावेत?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतील एका मराठी मंडळाची मी या वर्षीची सचिव आहे. आमचे मंडळ ५०१(सी)(३) कलमाखाली नोंदलेली करमुक्त संस्था आहे. रविवारच्या मराठी शाळेचे जागाभाडे निघावे म्हणून गेल्या वर्षी आम्ही दिवाळी कार्यक्रमात प्रथमच सायलेंट ऑक्शन केले. सभासदांनी आणि इथल्या दुकानदारांनी दिलेल्या वस्तू टेबलांवर मांडायच्या, प्रत्येक वस्तूसमोर बोलीचा कागद ठेवायचा, येणाऱ्यांनी त्यावर आधीच्या आकड्याखाली आपला वाढीव आकडा लिहायचा आणि ठरलेल्या वेळी शेवटचा आकडा ज्याचा असेल त्याला ती वस्तू द्यायची, असा हा सरळ प्रकार आहे. तो सरळ वाटल्यामुळेच आम्ही लेखी नियम केले नाहीत, आणि त्याची किंमत मोजली.

घडले ते असे. एका सभासदाने दिलेल्या पैठणीचा बाजारभाव साधारण ४५० डॉलर होता, सुरुवातीची बोली १८० डॉलरची होती आणि प्रत्येक बोली किमान २० डॉलरने वाढवावी असे कागदाच्या डोक्यावर छापलेले होते. बोली नऊ वाजता बंद व्हायची होती; परंतु नऊ वाजता सभागृहात नाट्यगीत चालू होते, निवेदकाला मध्येच थांबवणे कोणालाही योग्य वाटले नाही, आणि घोषणा झाली तेव्हा कोणाच्या घड्याळात नऊ वाजून तीन मिनिटे झाली होती, तर कोणाच्या सात. टेबलावर पेन एकच होते. पहिल्या बाईंनी ४४० लिहिले, पेन खाली ठेवण्यापूर्वीच ते दुसऱ्या गृहस्थांनी हातात घेतले आणि त्याखाली ४५० लिहिले. म्हणजे वाढ दहाचीच झाली, आणि तीही वेळ संपण्यापूर्वी की नंतर, हे टेबलाजवळच्या आमच्या स्वयंसेविकेला सांगता आले नाही. आम्ही पाच जणांनी वाहनतळावर उभे राहून निर्णय दिला. तो कोणाच्या बाजूने दिला हे येथे लिहीत नाही, पण ज्यांच्या विरुद्ध गेला त्यांची दोन मुले त्यानंतर दोन महिने शाळेत आली नाहीत.

याशिवाय एका सभासदाने जिंकलेली वस्तू नेलीच नाही आणि पैसेही दिले नाहीत. दहा जणांच्या पुरणपोळीच्या जेवणाची बोली जिंकणाऱ्या कुटुंबाला तारीख मिळता मिळता उन्हाळा उजाडला. जेवण देणाऱ्या काकूंनी आपल्या श्रमाची करपावती मागितली तेव्हा ती देता येते की नाही, हे आमच्या खजिनदारांनाही ठाऊक नव्हते.

या वर्षी कार्यकारिणीने नियमांचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. मला मुख्यतः पाच बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. बोली नेमकी कोणत्या क्षणी बंद झाली असे मानावे आणि वाद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा असावा? कार्यकारिणीच्या सदस्यांना आणि वस्तू देणाऱ्यांना बोली लावू द्यावी का? लावलेली बोली मागे घेता येते का? पैसे न देणाऱ्याचे काय करावे? आणि पावतीवर नेमके काय लिहावे? एका ज्येष्ठ सभासदांनी सगळे काम मोबाइलवरील अॅपवर नेण्याची सूचना केली आहे. परंतु आमच्याकडे येणाऱ्यांत आजी-आजोबांची संख्या बरीच असल्याने मला ती पटलेली नाही. ज्यांनी प्रत्यक्ष असा लिलाव चालवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद, बे एरियातील एका संस्थेचे माजी खजिनदार :

आपण वाहनतळावर दिलेला निर्णय चुकला की बरोबर होता यापेक्षा तो तिथे द्यावा लागला हीच खरी अडचण आहे. आपल्याकडच्या लिलावात, मग तो गणेशोत्सवातल्या नारळाचा असो किंवा गोव्यातल्या देवळातली पावणी असो, 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणणारा एक माणूस असतो आणि तिसऱ्या वाराला सगळ्यांच्या देखत सौदा पुरा होतो. कागदावरच्या लिलावात तो माणूसच नसतो. म्हणून त्याच्या जागी काय असेल हे नियमात आधी लिहावे लागते. अमेरिकेतील बहुतेक सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या एकरूप व्यापारी संहितेच्या २-३२८ या कलमानुसार हातोडा पडला किंवा प्रचलित असलेल्या अन्य रीतीने घोषणा झाली की वस्तूचा लिलाव पूर्ण होतो. हातोडा नसेल तर ती 'अन्य रीत' कोणती, हे आपणच कागदावर छापलेले बरे.

आमची रीत सांगतो. प्रत्येक टेबलाला एक स्वयंसेवक असतो आणि त्याच्याकडे लाल पेन असते. मंचावरून वेळ संपल्याची घोषणा झाली की तो शेवटच्या वैध बोलीखाली लाल रेघ ओढतो, शेजारी आपली आद्याक्षरे लिहितो आणि कागद उचलतो. रेघ हाच आमचा तिसरा वार. 'रेघ ओढण्यापूर्वी पूर्ण लिहिलेली आणि किमान वाढ पाळणारी शेवटची बोली ग्राह्य धरली जाईल', असे एकच वाक्य आम्ही प्रत्येक कागदावर छापतो. त्यात घड्याळाचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही, कारण घड्याळे पन्नास असतात आणि रेघ एक. या नियमाने आपल्या पैठणीचे ४५० बाद झाले असते आणि ४४० ची बोली जिंकली असती. वेळेचा प्रश्न उद्भवलाच नसता. सगळी टेबले एकाच वेळी बंद करू नका. आम्ही पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन टप्प्यांत बंद करतो आणि शेवटचा टप्पा जेवणाआधी संपवतो. गाणे चालू असताना कोणताही टप्पा ठेवू नये, हे आपण अनुभवाने शिकलाच आहात.

बोली मागे घेण्याबद्दल त्याच कलमात एक बारकावा आहे. सौदा पूर्ण होण्यापूर्वी बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो, परंतु त्यामुळे आधीची बोली आपोआप जिवंत होत नाही. म्हणजे कोणी ४४० ची बोली खोडली म्हणून ४२० वाला विजेता ठरत नाही. आम्ही नियमात असे लिहिले आहे की खोडलेल्या बोलीवर स्वयंसेवकाची सही असावी आणि त्याने आधीच्या बोलीदाराला, ती बोली अजून मान्य आहे का, असे त्याच वेळी विचारावे. त्याच कलमाप्रमाणे, राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही अशी किंमत) नाही असे स्पष्ट सांगितलेले नसेल तर लिलाव राखीव किमतीचा मानला जातो आणि सौदा पूर्ण होईपर्यंत वस्तू मागे घेता येते. ही तरतूद वस्तूंपुरती आहे. पुरणपोळीच्या जेवणासारख्या सेवांना ती तशीच लागू होते असे धरून चालू नका, आपले नियम दोन्हींसाठी स्वतंत्रपणे लिहा.

प्रतिसाद, कर सल्लागार, एडिसन :

पावतीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक मंडळे येथेच चुकतात.

वस्तू विकत घेणाऱ्याला संपूर्ण रकमेची करवजावट मिळत नाही. वस्तूच्या रास्त बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कम तेवढी देणगी ठरते, आणि तीही वस्तूची किंमत आपण देत असलेल्या रकमेपेक्षा कमी आहे हे त्याला आधी माहीत असेल तर. ४५० डॉलरची पैठणी कोणी ५७५ ला घेतली तर देणगी १२५ डॉलरची. म्हणून बोलीच्या कागदावर अंदाजे बाजारभाव छापणे ही केवळ सोय नव्हे. घेणाऱ्याची वजावट त्यावर उभी राहते. घेणाऱ्याने भरलेली रक्कम ७५ डॉलरहून अधिक असेल आणि त्यात काही भाग देणगीचा, काही भाग मोबदल्याचा असेल, तर त्याला मोबदल्याचा अंदाजे भाव लेखी कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे. ते न केल्यास प्रत्येक व्यवहारामागे १० डॉलर आणि एका कार्यक्रमासाठी जास्तीत जास्त ५,००० डॉलर इतका दंड होऊ शकतो.

आता वस्तू देणाऱ्यांकडे येऊ. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या देणगीची वजावट घ्यायची असेल तर त्यांना संस्थेचे लेखी पत्र लागते. त्या पत्रात वस्तूचे वर्णन करावे, किंमत लिहू नये; किंमत ठरवणे हे देणाऱ्याचे काम आहे. काकूंच्या श्रमाला वजावट नाही. त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलेली डाळ, गूळ आणि तूप यांचा खर्च मात्र त्या दाखवू शकतात. कोणी आपले समुद्रकाठचे घर आठवडाभर वापरायला दिले तर त्या वापराच्या भाड्याएवढी वजावटही मिळत नाही. एखाद्या चित्रकाराने स्वतः काढलेले चित्र दिले तर त्याला सामान्यतः रंग आणि कॅनव्हासच्या खर्चापुरतीच वजावट मिळते, बाजारभावाची नाही. हे ऐकून लोक नाराज होतात, म्हणून वस्तू मागतानाच सांगावे. कार्यक्रमाच्या रात्री सांगितले तर ते पळवाट शोधल्यासारखे दिसते.

आणखी एक. लिलावातच सोडतीची तिकिटे विकण्याचा मोह टाळा. सोडत हा इथल्या कायद्याने जुगाराचा प्रकार धरला जातो. न्यू जर्सीत त्यासाठी संधीच्या खेळांवरील राज्य नियंत्रण आयोगाकडे नोंदणी आणि नगरपालिकेचा परवाना लागतो. वस्तूंवरील विक्रीकराचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, धर्मादाय संस्थेने लिलावात विकलेल्या वस्तूंवरही सर्वसाधारणपणे कर लागतो. आपल्या राज्याच्या कर विभागाकडून लेखी उत्तर मागवून ते फाइलला लावून ठेवा.

प्रतिसाद, शिकागोहून :

दोन गोष्टी नमूद करतो. कागदावर नाव लिहू देऊ नका, क्रमांक लिहू द्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी नावे होती, तेव्हा मंडळाच्या संस्थापकांपैकी एका आजोबांनी चांदीच्या निरांजनावर बोली लावली आणि त्यांच्या खाली कोणी लिहीचना. मोठ्यांच्या वरचढ बोली लावायची कशी, हा संकोच! ते निरांजन निम्म्या किमतीत गेले, आणि आजोबांनाच ते मनाला लागले. दुसऱ्या वर्षीपासून प्रवेशद्वारावर प्रत्येक कुटुंबाला तीन आकडी क्रमांक देतो. क्रमांक आणि नावाची यादी एकट्या खजिनदारांकडे असते. त्याच वेळी फोन नंबर आणि कार्डाचा तपशील घेऊन ठेवल्यामुळे पैसे न देणाऱ्यांचा प्रश्नही जवळजवळ मिटला. विजेत्याने त्या रात्री वस्तू नेली नाही तर सात दिवस वाट पाहावी, नंतर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच बोलीच्या किमतीत ती देऊ करावी, असा आमचा नियम आहे.

कार्यकारिणीच्या सदस्यांना बोली लावू द्यावी असे माझे मत आहे, नाहीतर छोट्या मंडळात बोली लावायला उरणार तरी कोण? मात्र ज्याच्या हातात लाल पेन आहे त्याने आणि त्याच्या घरच्यांनी त्या टेबलावर बोली लावू नये. वस्तू देणाऱ्याच्या घरच्यांनी त्याच वस्तूवर बोली लावण्यास तर आम्ही सरळ मनाई केली आहे. हेतू कितीही निर्मळ असला तरी भाव चढवल्याचा संशय येतोच.

धागाकर्तीचे उत्तर :

सर्वांचे मनापासून आभार. लाल रेघेची रीत आणि क्रमांकांची सूचना मी मसुद्यात जशीच्या तशी घेत आहे, आणि अॅपचा विचार या वर्षापुरता बाजूला ठेवला आहे. सेवांसाठी वेगळा परिच्छेद केला असून तो असा : 'जेवण, शिकवणी अथवा अन्य सेवेची बोली जिंकणाऱ्याने कार्यक्रमानंतर तीस दिवसांच्या आत देणाऱ्याशी बोलून तारीख ठरवावी, कागदावर छापलेल्या तीन पर्यायी तारखांपैकी एकही जमत नसल्यास देणारा आणि घेणारा यांच्या संमतीने सहा महिन्यांच्या आतील दुसरी तारीख घ्यावी, त्यानंतर सेवेचा हक्क संपेल आणि भरलेली रक्कम परत मिळणार नाही.' शेवटचे कलम काकूंना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, की हक्क संपला तरी मी बोलावले तर ते येतील ना?

वादाच्या निर्णयासाठी कार्यकारिणीबाहेरच्या तीन सभासदांची समिती नेमावी आणि त्यांनी त्याच रात्री, परंतु सभागृहातच बसून, कागद समोर ठेवून निर्णय द्यावा असे सुचवणार आहे. एकच शंका उरली आहे. रेघ ओढत असतानाच कोणी आकडा लिहिण्याच्या मध्ये असेल, म्हणजे ४६० मधला ४ आणि ६ लिहून झाले आहेत आणि शून्य राहिले आहे, तर ती बोली 'पूर्ण लिहिलेली' धरावी का? पहिल्या प्रतिसादातील वाक्यानुसार ती बाद ठरते असे मला वाटते. कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी शाळा सुटल्यावर आहे, त्यापूर्वी माजी खजिनदारांनी यावर एक ओळ लिहिली तर बरे होईल.

प्रतिसाद, माजी खजिनदार :

बाद. आणि प्रत्येक टेबलावर किमान चार पेने ठेवा.