म्हणे एका अक्षराने गेम बुडाला!

उंडगा
परवा एका ग्रुपवर 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'चा विषय निघाला आणि नेहमीचं वाक्य आलंच: "गेम चांगला होता रे, एका टायपोने वाट लावली." डोकं सटकलं, म्हणून हा धागा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. जेम्स कॅमेरॉनच्या १९८६च्या 'एलियन्स' सिनेमाची पुढची गोष्ट, असा गाजावाजा करत सेगा या कंपनीने हा गेम फेब्रुवारी २०१३ला पीएस३, एक्सबॉक्स ३६० आणि पीसीवर आणला. बनवणारे गिअरबॉक्स, म्हणजे 'बॉर्डरलँड्स'वाले. त्यातलं बरंच काम मात्र टाइमगेट नावाच्या दुसऱ्याच स्टुडिओने केलेलं. घोषणा २००८ची, म्हणजे लोकांनी पाच वर्षं वाट पाहिली आणि हातात आलं ते असं.

टायपोची भानगड २०१८ला गाजली. पीसीवरच्या एका सेटिंग फाइलमध्ये 'टेदर'च्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जादा पडला होता, त्यामुळे एलियनला जागा नेमून देणारी आज्ञा चालतच नव्हती. तो 'ए' खोडला की झेनोमॉर्फ, म्हणजे हे एलियन, जरा शहाण्यासारखे वागतात, बाजूने येतात, घेरतात. एका मॉडरने (गेमच्या फाइलींत हौसेने बदल करणाऱ्याने) हे शोधलं, त्याचं कौतुक आहेच.

पण त्या 'ए'मुळे निम्मा गेम भाडोत्री सैनिकांवर गोळ्या झाडण्यात गेला का? एलियनच्या गेममध्ये मला वेलँड-युटानी कंपनीची माणसं मारायची नाहीत हो! आणि हॅडलीज होप, ती सिनेमातली वसाहत? सिनेमाच्या शेवटी अणुभट्टी फुटते, आसपासचं सगळं वाफ होऊन जाणार म्हणून तर ती सगळी पळापळ. इथे आपण त्याच वसाहतीत आरामात फिरतो. छपरं जरा उडालीत, एवढंच. १९९२च्या तिसऱ्या भागात मेलेला हिक्स हा मरीनही परत आणलाय, आणि त्याचा खुलासा काय, तर वेगळे पैसे मोजून घ्यायच्या डीएलसीत, म्हणजे जादा भागात!

मिरची_ठेचा
असहमत. तुम्ही लोक गेम खेळलात की पंचनामा केलात?

मी सेकंडहँड डिस्क घेतली, खूप उशिरा, अगदी स्वस्तात. गेम येण्याआधी दाखवलेला डेमो पाहिलेला नव्हता, त्यामुळे अपेक्षाही नव्हत्या. कोऑपमध्ये (एकत्र एकाच बाजूने खेळताना) चौघं जमलो की धमाल येते. पल्स रायफलचा आवाज हुबेहूब सिनेमातला. सुलाको या सिनेमातल्या अंतराळयानावर फिरताना अंगावर काटा आला. सिनेमातल्या हडसनची रायफल, हिक्सची शॉटगन कोपऱ्याकोपऱ्यात लपवून ठेवल्यात, त्या शोधायची मजा वेगळीच. बिशप या यंत्रमानवाला आवाजही खुद्द लान्स हेन्रिक्सनचा. सिनेमावर प्रेम नसलेल्या माणसांनी हे केलं असतं का?

आणि अणुभट्टीचं लॉजिक काढायचं तर निम्मे सीक्वेल कचऱ्यात टाकावे लागतील.

चौकस_ताई
ठेचाभाऊ, डेमो पाहिला नाहीत म्हणूनच सुखी आहात. खरी बोच तिथेच आहे. प्रदर्शनांत दाखवलेल्या गेममध्ये प्रकाश, सावल्या, धूर, सगळं कसं जिवंत होतं. डिस्कमधून निघालं ते फिकट आणि सपाट. एप्रिल २०१३मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रार गेली, तेव्हा ट्रेलर आणि प्रत्यक्ष गेम यांत फरक आहे हे सेगानेच मान्य केलं. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला आणि २०१४मध्ये सेगाने साडेबारा लाख डॉलरवर तडजोडीची तयारी दाखवली. लोक उगाच रडत नव्हते.

प्री-ऑर्डर करणाऱ्याने पूर्ण किंमत मोजली ती डेमो बघून. तुमच्या स्वस्तातल्या डिस्कवरून त्याला "मजा घे की" म्हणणं बरोबर नाही.

मिरची_ठेचा
ताई, फसवणुकीचं मान्य. पण जाहिरात खोटी असणं आणि गेम भिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे दोन्हींची खिचडी चाललीय.

पिक्सेलपंत
टायपोला इतकं हलक्यात घेऊ नका. शूटरमध्ये शत्रू कसा चालतो यावरच तर सगळं उभं असतं. ती ओळ दुरुस्त करून मी पीसीवर खेळलोय. सरळ अंगावर धावत येणारे एलियन आडून यायला लागले, थोडं दबकून राहावं लागलं. गेम महान होत नाही, पण 'बरा' नक्की होतो. कन्सोलवाल्यांचं दुःख हे की त्यांना फाइल उघडताच येत नाही. मिळालं ते गिळा.

उंडगा
पंत, 'बरा' होतो हे मान्य. पण मोशन ट्रॅकरचं, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या यंत्राचं काय? सिनेमात तो 'टिक टिक' आवाजच जीव घेतो: ठिपके जवळ येतायत, समोर कोणी नाही, आणि मग कोणाला तरी सुचतं की वर छताकडे बघावं. गेममध्ये ट्रॅकर हातात घेतला की बंदूक खाली जाते. कल्पना झकास! पण बहुतेक वेळा एलियन समोरूनच येणार असेल तर तो काढायचा कशाला? मी अर्ध्यात वापरणंच सोडलं.

त्याच सेगाने पुढच्याच वर्षी 'एलियन: आयसोलेशन' काढला, क्रिएटिव्ह असेंब्लीकडून. त्यात ट्रॅकर खाली ठेवायची हिंमत होत नाही. बहुतेक वेळ एकच एलियन, आणि कपाटात लपून बसायची पाळी.

मिरची_ठेचा
ही तुलना मला कधीच पटली नाही. 'आयसोलेशन' १९७९च्या पहिल्या सिनेमावर बेतलेला, तो भयपटच. १९८६चा युद्धपट आहे. मरीन्स, मशीनगन, झुंडी. त्याच्या गेममध्ये गोळ्या नाही झाडायच्या तर काय भजन करायचं?

उंडगा
युद्धपट खरा, पण हरणाऱ्यांचा. अणुभट्टीखाली गोळ्या चालवायच्या नाहीत म्हणून मॅगझिनं काढून घेतात आणि तिथेच सगळं हातातून जातं. मस्तवाल सैनिक दोन मिनिटांत पोरांसारखे घाबरतात. कलोनियल मरीन्समध्ये गोळ्या पावलोपावली पडलेल्या. जोडीदारही असे की एलियन त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही.

चौकस_ताई
+१. एकच प्रसंग जमलाय असं मला वाटतं, गटारांचा. हातात शस्त्र नाही आणि ते आंधळे, स्फोट होणारे एलियन अंगाशी येऊन हुंगतात. श्वास रोखून उभं राहायचं. असं आणखी दोन-तीनदा दिलं असतं तर आज हा धागा निघालाच नसता.

मिरची_ठेचा
चला, एक तरी प्रसंग जमला म्हणे! आता शनिवारी रात्री कोऑपला कोण येतंय? पंत, ती ओळ कुठल्या फाइलमध्ये आहे ते सांगून ठेवा, यावेळी मी पीसीवर टाकतोय.

पिक्सेलपंत
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आधी मूळ फाइलची कॉपी काढून ठेवा.