ग्राहकांच्या डेटाबेसमध्ये एका फील्डला ठरावीकच पर्याय ठेवायचे आहेत, सल्ला हवा

शाईपेन
नमस्कार. आमच्या ग्राहकांच्या नोंदी मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसमध्ये आहेत, साधारण ४,०००. नोंद करणारे आम्ही तिघं. त्यात 'ग्राहक प्रकार' हे साधं टेक्स्ट फील्ड आहे. तिथे घाऊक, किरकोळ किंवा संस्था एवढंच लिहायचं असं तोंडी ठरलेलं होतं. परवा घाऊक ग्राहकांची यादी काढली तर ती फारच आखूड आली. शोधल्यावर घाऊक, घाउक, होलसेल, 'घाऊक जुने', 'घाऊक/किरकोळ' अशा नाना तऱ्हा निघाल्या. ज्यांना दरपत्रक जायला हवं होतं अशा कितीतरी जणांना ते गेलंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतंय. त्या फील्डमध्ये यादीबाहेरचं काही लिहिताच येणार नाही असं करता येईल का? मला प्रोग्रामिंग येत नाही, पण सांगितलेलं नीट करून बघेन.

ओळंबा
येईल, आणि त्यासाठी कोड लागत नाही. फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा, त्या टेक्स्ट बॉक्सवर राइट क्लिक करून 'चेंज टू'मधून कॉम्बो बॉक्स (यादीतून निवडायची चौकट) निवडा. रो सोर्स टाइप 'व्हॅल्यू लिस्ट' ठेवा आणि रो सोर्समध्ये तिन्ही शब्द अर्धविरामांनी तोडून लिहा. मग 'लिमिट टू लिस्ट' येस करा. यादीत नसलेलं काही टाइप केलं तर अ‍ॅक्सेस तिथेच अडवतो. 'अलाउ व्हॅल्यू लिस्ट एडिट्स' मात्र आठवणीने नो करा, नाहीतर नोंद करणाऱ्यालाच यादीत भर घालता येते.

तळटीप
ओळंबा यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबू नका असं कळकळीने सांगतो. कॉम्बो बॉक्स फक्त त्या फॉर्मवर पहारा देतो. कुणी टेबल थेट उघडून लिहिलं, एक्सेलमधून नोंदी आयात केल्या किंवा अपेंड क्वेरी (एका टेबलातल्या नोंदी दुसऱ्यात भरणारी) चालवली, तर पहारा बाजूलाच राहतो. बंधन टेबलातच हवं.

'प्रकार' नावाचं वेगळं टेबल करा. त्यात प्रकार क्रमांक (ऑटोनंबर म्हणजे आपोआप पडणारा क्रमांक, आणि तीच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) आणि प्रकाराचं नाव, एवढी दोनच फील्ड. नावाच्या फील्डला 'इंडेक्स्ड : येस (नो डुप्लिकेट्स)' द्या. ग्राहकांच्या टेबलात नावाऐवजी तो क्रमांक साठवा, लाँग इंटिजर म्हणून. मग रिलेशनशिप्समध्ये दोन्ही जोडून 'एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी'वर खूण करा. अशा जोडलेल्या फील्डला फॉरेन की म्हणतात. आता चुकीचा क्रमांक कुठूनच आत येणार नाही.

फॉर्मवर कॉम्बो बॉक्स राहूच द्या, फक्त त्याचा रो सोर्स हे नवं टेबल करा. कॉलम काउंट २, बाउंड कॉलम १, आणि पहिल्या कॉलमची रुंदी ० केली की माणसाला नाव दिसतं आणि आत क्रमांक साठतो.

एक विनंती : टेबलाच्या डिझाइनमध्ये 'लुकअप विझार्ड' दिसेल, तो वापरू नका. त्याने टेबल उघडल्यावर क्रमांकाच्या जागी नाव दिसतं, आणि पुढे क्वेरी लिहिताना 'घाऊक' शोधूनही काही सापडत नाही, कारण आत आहे २. या एका गोष्टीत माझे दोन दिवस गेले आहेत.

कोरापान
तळटीप यांना +१. हा धागा पुढे मायएसक्यूएल, एसक्यूलाइट असे दुसरे डेटाबेस वापरणारे वाचतील म्हणून लिहितो. मायएसक्यूएलमध्ये चेक कन्स्ट्रेंट (फील्डमध्ये काय चालेल याचा नियम) लिहून निर्धास्त होऊ नका. ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या तो मुकाट्याने स्वीकारतात आणि पाळत मात्र नाहीत. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते.

शाईपेन
सगळ्यांचे आभार. टेबल केलं, पण दोन ठिकाणी अडले. जुने शब्द क्रमांकांत कसे बदलायचे? आणि 'घाऊक/किरकोळ' लिहिलेल्या ३७ नोंदींचं काय करू? शिवाय 'कोणामार्फत आले' या दुसऱ्या फील्डवर ग्रुप बाय केलं (सारख्या नोंदी एकत्र केल्या) तर 'व्यापाऱ्यामार्फत' दोनदा येतंय. अक्षर न् अक्षर सारखं दिसतं, तरी दोन ओळी.

ओळंबा
शेवटचं आधी सांगतो, कारण मराठी नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. 'ऱ्या' यूनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एकच, साठवताना वेगळे. तुमच्यात कुणीतरी वेगळा कीबोर्ड वापरत असणार. त्यात त्यांची काही चूक नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. शब्दाऐवजी क्रमांक साठवला की हा प्रश्नच उरत नाही. मला तरी बंद यादीचा मराठीतला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो.

तळटीप
आधी फाइलची प्रत काढून ठेवा. मग जुन्या फील्डवर ग्रुप बाय आणि काउंट करून सगळी रूपं एका टेबलात घ्या आणि प्रत्येकासमोर हाताने योग्य क्रमांक लिहा. रूपं चाळीस-पन्नासच निघतील. ते टेबल जुन्या शब्दावर जोडून अपडेट क्वेरीने नवं क्रमांकाचं फील्ड भरा. जुनं फील्ड लगेच पुसू नका, महिनाभर राहू द्या. नव्या फील्डच्या 'डिफॉल्ट व्हॅल्यू'त ० बसलेला असू शकतो, तो काढा. यादीत ० नाही, त्यामुळे प्रत्येक नवी नोंद अडेल.

आता त्या ३७ नोंदी. त्यांना चुका समजून घाईने घाऊक करून टाकू नका. ३७ वेळा कुणीतरी तेच लिहिलं, म्हणजे दोन्ही तऱ्हांनी माल घेणारे ग्राहक खरोखर आहेत आणि तुमच्या तीन पर्यायांत त्यांना जागा नाही. त्यांच्याशी वेगळं वागायचं असेल तर चौथा पर्याय द्या. अशी सरमिसळ आणखी प्रकारांत होत असेल तर ग्राहक क्रमांक आणि प्रकार क्रमांक यांचं जोडटेबल करा, एका ग्राहकाला हवे तितके प्रकार लावता येतील. यादी बंद करण्याआधी लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून काढा. ती यादी कशी असावी हे तिथेच लिहिलेलं असतं.

कोरापान
यात एक भर. ज्याला प्रकार माहीत नाही तो काय निवडेल? फील्ड सक्तीचं असेल आणि 'अजून विचारलं नाही' असा पर्याय नसेल, तर माणूस वरचा पहिला पर्याय दाबून पुढे जातो. मग डेटा स्वच्छ दिसतो, पण खोटा असतो. आणि शब्दाची चूक निदान नजरेस पडते, हे कधीच पडत नाही. म्हणून तो पर्याय ठेवा आणि मगच 'रिक्वायर्ड' येस करा. नुसत्या फॉरेन कीने रिकामी जागा अडत नाही. 'इतर' मात्र शक्यतो देऊ नका. द्यायचाच असेल तर शेजारी शेऱ्याचं फील्ड ठेवा आणि ते अधूनमधून वाचा.

शाईपेन
काल संध्याकाळी बसून सगळं केलं. एकूण ४३ रूपं निघाली. 'दोन्ही' आणि 'अजून विचारलं नाही' असे दोन पर्याय वाढवले. घाऊकांची यादी आता पूर्ण येतेय आणि राहिलेल्यांना दरपत्रक पाठवायला घेतलंय. एकच शंका : पुढे 'संस्था' हा प्रकार बंद केला तर तो यादीतून काढू का?

तळटीप
काढू नका. जुन्या नोंदी त्याला जोडलेल्या असल्यामुळे अ‍ॅक्सेस काढूही देणार नाही. फक्त 'कॅस्केड डिलीट'वर चुकूनही खूण करू नका, नाहीतर प्रकाराबरोबर ते ग्राहकही जातील. प्रकारांच्या टेबलात 'चालू' नावाचं येस/नो फील्ड वाढवा. कॉम्बो बॉक्समधून बंद प्रकार पूर्ण गाळलेत तर जुन्या नोंदींत ती जागा कोरी दिसेल आणि माहिती गेली असं वाटून कुणीतरी पुन्हा भरायला जाईल. त्यापेक्षा रो सोर्समध्ये चालू प्रकार वर आणि बंद प्रकार तळाशी येतील असा क्रम लावा, आणि बंद प्रकार नव्याने निवडला तर 'बिफोर अपडेट'मध्ये अडवा. त्याला दोन-तीन ओळींचा कोड लागतो. तिथवर आलात की इथेच लिहा, लिहून देतो.