माऊ जवळ घेतली की बोचकारते

सी-५०३: नमस्कार मंडळी. दीड वर्षाची भाटी घरी आणलीय. मांडीवर घेतली की दोन मिनिटं शांत बसते, मग एकदम हात बोचकारते. कुठे चुकतंय? मांजरवाल्यांनी सांगा.

बी-२०४: ताई, एकदम नाही. आधी सांगून झालेलं असतं, आपलं लक्ष नसतं. शेपटीचं टोक फटफट आपटायला लागतं, पाठीची कातडी थरथरते, कान मागे चपटे होतात. यातलं पहिलं दिसलं की हात काढून घ्यायचा.
आणि सुरुवात तिनं करायची. बोट तिच्या नाकापासून वीतभर लांब धरा. वास घेऊन गाल घासला तर पुढे जा. गाल, हनुवटी, कानाचं मूळ, एवढ्याच जागा. तीन-चार सेकंद खाजवा आणि थांबा. डोकं हातात खुपसलं तर परत, नाही तर पुरे. गालाशी ग्रंथी असतात, घासताना त्यांचा वास ती तुम्हाला लावते. म्हणजे तुम्ही घरचे.

सी-५०३: पण ती पोट वर करून लोळते की!

बी-२०४: लोळू दे. पोट दाखवणं म्हणजे भरवसा. हात लावलात की चारही पाय मनगटाला 😄

ए-७०१: उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मानेला धरून फक्त तिची आई उचलते, तेही पिल्लू असताना.

सी-५०३: आत्ता फ्रीजवर बसून टक लावून बघतेय.

ए-७०१: तुम्ही टक लावू नका, मांजरांत ते भांडणाचं लक्षण. डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. बहुतेक तीही मिटेल.

सी-५०३: सासूबाई रोज वाटीभर दूध ठेवतात, ते चालेल ना?

बी-२०४: नको. मोठ्या मांजराला दुधातली साखर सहसा पचत नाही, पोट बिघडतं. आजींना लाडच करायचे असतील तर नुसतं उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला मासा, चमचाभर. कांदा-लसूण अजिबात नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रोजचं जेवण कॅटफूडच. कुत्र्याचं स्वस्त पडतं म्हणून देऊ नका, त्यात टॉरिन (मांजराला लागणारं पोषकद्रव्य) पुरत नाही आणि पुढे डोळे, हृदय दोन्ही जातं.

डी-१०२: मध्येच विचारते. लादी फिनेलनं पुसली तर चालतं का? कामाच्या मावशी एकच आहेत, सगळीकडे तेच वापरतात.

बी-२०४: बरं विचारलंत काकू. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाही. ओल्या लादीवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, असं ते पोटात जातं. मांजराच्या घरी साधं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरेत. कपाटातल्या डांबरगोळ्याही काढा. आणि ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही नाही! अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो.

ए-७०१: पाचवा मजला आहे म्हणून सांगतो, कबुतरांच्या नायलॉन जाळीवर विसंबू नका. मांजर ती कुरतडतं, आणि खालचे हूक सैल झाले की फट पडते. डोकं गेलं की अख्खं मांजर जातं. ग्रिलला आतून स्टीलची बारीक जाळी लावा.
खेळ दोरीला पीस बांधून, जेवणाआधी १०-१५ मिनिटं. झाल्यावर दोरी कपाटात. गिळली तर आतडं आवळतं. तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तरी ओढायचं नाही, सरळ डॉक्टर.

बी-६०२: आमचा बोका सकाळपासून ट्रेमध्ये जाऊन बसतोय, लघवी होत नाही. इसबगोल देऊ का?

बी-२०४: दादा, काही देऊ नका, आत्ता निघा! बोक्याची मूत्रनळी अरुंद, खडा अडकला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. जवळचा डॉक्टर नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल.

बी-६०२: निघालो.

सी-५०३: ट्रे केवढा लागतो?

ए-७०१: मांजराच्या लांबीच्या दीडपट. लिटर (ट्रेमध्ये पसरायची माती) २-३ इंच, बिनवासाचं, दिवसातून दोनदा उपसायचं. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर सादळतं आणि गोळे धरत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

सेक्रेटरी: वापरलेलं लिटर कुणीही संडासात ओतू नये. ती माती पाण्यानं फुगून पाईपात बसते. ओल्या कचऱ्यातही नको, वेगळ्या पिशवीत बांधून द्या.